दादा, मागचे आर्म शाबूत आहेत

दादा, गाडी घरी आली. कोर्टाचा हुकूम झाल्यावर पोलिसांनी सोडली. क्रेनवाल्याने ती मागून उचलून पुढच्या चाकांवर ओढत आणली आणि आपल्या गल्लीच्या वळणावर कुंपणाच्या दगडाला घासली. पूर्वीचा तू असतास तर त्या माणसाला केबिनमधून खाली ओढलं असतंस. मीही ओढणार होते, पण वहिनीने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता.

पुढची काच नाही. बॉनेटवर लाथांचे खड्डे आहेत. ड्रायव्हरच्या बाजूचं दार कुणीतरी दगडाने ठेचलंय, एकदा मारून थांबलेला नाही तो, राग संपेपर्यंत मारत राहिलाय. सीटवर काचेचा चुरा आणि त्यात तुझी एक चप्पल. रोशनीने ती उचलली आणि आत घेऊन गेली. कॉलेजात जाणारी तुझी मुलगी, पण त्या दिवशी ती चप्पल तिने लहान पोरीसारखी छातीशी धरली होती.

सगळे आत गेल्यावर मी गाडीखाली शिरले. तुला खरं सांगते, मला दुसरं काही बघवतच नव्हतं. टॉर्च मारला. आपण बनवलेले, मागच्या चाकांना धरून ठेवणारे दोन्ही आर्म शाबूत आहेत. वेल्डिंगला केसाएवढी चीर नाही. बोल्ट जिथे आवळले होते तिथेच आहेत. तुला मारणाऱ्यांची नजर गाडीच्या खाली गेली नाही, म्हणून तेवढं वाचलं.

दफनाच्या दिवशी फादर म्हणाले, नेल्सन शांत माणूस होता. मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. तुझ्या हातचा मार खाल्लेले चारपाच जण त्या चर्चमध्ये बसले होते, आणि त्यांतल्या दोघांनी तुझ्या शवपेटीला खांदा दिला. तू शांत नव्हतास. शांत राहायला तुला रोज किती जोर लावावा लागत होता, ते आईला, वहिनीला आणि मला माहीत आहे. बाकी कुणाला का माहीत असावं?

हे सगळं पप्पांपासून सुरू झालं. ते मुंबईत एका परदेशी कंपनीच्या साहेबाचे ड्रायव्हर होते. साहेब देश सोडून जाताना ही अमेरिकन गाडी पप्पांच्या नावावर करून गेला. दोन दारं, लांब नाक, आठ सिलिंडरचं इंजिन, चालू केलं की वाडीतल्या केळींची पानं थरथरायची. भुईगावात तेव्हा सायकली होत्या, फुलांचे टेम्पो होते, आणि आपल्याकडे हा लाल राक्षस. लोक बघायला यायचे. पप्पा लोकांशी हसून बोलायचे, पोरांना आत बसू द्यायचे. लोक गेले की घरात यायचे.

त्यांचं हत्यार म्हणजे गाडीचा जुना फॅनबेल्ट. विहिरीवर भिजवून आणायचे, कारण ओला जास्त लागतो. त्यांच्या पावलांवरून तुला कळायचं आज काय होणार ते. तू मला गाडीच्या मागच्या सीटवर ढकलायचास, बाहेरून दार लावायचास आणि स्वतः दाराला पाठ लावून उभा राहायचास. मी काचेतून बघायचे. तुझा शर्ट काचेवर दाबला जायचा. प्रत्येक फटक्याला गाडी थोडी हलायची. तू ओरडायचा नाहीस, त्यामुळे पप्पांना आणखी चेव यायचा. आई मध्ये पडली की तिलाही बसायचे. तुझ्या अंगाला टेकून हलणारी ती गाडी मला अजून पाठीत जाणवते.

एकोणिसाव्या वर्षी तू पप्पांचं मनगट पकडलंस. आईच्या अंगावर बेल्ट पडायच्या आत. पकडून सोडून दिलं असतंस तरी चाललं असतं, पण तू पिरगाळलंस. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. सुकलेली फांदी मोडते तसा नव्हता तो, ओला होता. पप्पा गुडघ्यावर बसले. आई किंचाळली, ती त्यांच्यासाठी की तुझ्यासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. मग तूच गाडी काढलीस. पप्पांना शेजारी बसवलंस आणि हॉस्पिटलात नेलंस. मी मागे बसले होते. डॉक्टरने विचारलं तेव्हा पप्पा म्हणाले, विहिरीच्या पायरीवरून घसरलो.

त्यानंतर त्यांनी कुणावर हात टाकला नाही. तो हात तुझ्याकडे आला. सणाच्या फुटबॉल मॅचमध्ये तू रेफ्रीचे दात पाडलेस. नायगावच्या नव्या टॉवरांना पाणी नेणारा टँकर आपल्या गल्लीत अडकला, तेव्हा त्याच्या ड्रायव्हरचा जबडा मोडलास आणि दोन रात्री कोठडीत काढल्यास. तुझा पंपदुरुस्तीचा धंदा चांगला चालायचा, कारण मोटार तुझ्याइतकी चांगली कुणी बांधत नसे, पण गिऱ्हाईक तुझ्याशी बोलताना एक पाऊल मागे उभं राहायचं. मी एकदा तुला म्हटलं होतं, लोक तुला घाबरतात. तू म्हणालास, घाबरू देत, मारत तर नाहीत ना.

मग रोशनीची गोष्ट झाली. ती आठ वर्षांची होती. तू बांधून ठेवलेल्या मोटारीवर तिने दुधाचा पेला सांडला आणि तू तिच्या कानाखाली लगावलीस. एकच. पण दुसरी बसेल म्हणून तिने डोकं दोन्ही हातांत लपवलं आणि कोपर वर केलं. अगदी तसंच कोपर आपण वर करायचो. तुला ते दिसलं. मी दारात होते, तुझा चेहरा मी पाहिला. तू उठलास, वाडीत गेलास आणि केळीच्या खुंटावर बसून राहिलास. वहिनी बोलवायला आली तर तिला म्हणालास, मला थोडा वेळ घरात घेऊ नका. त्यानंतर तू कुणालाही मारलं नाहीस. भांडलास, शिव्या दिल्यास, एकदा पंपाच्या शेडचं दार लाथेने मोडलंस. माणसाला हात लावला नाहीस.

पप्पा गेल्यावर गाडी तुझी झाली. वर्षानुवर्षं ती पत्र्याच्या शेडमध्ये टायर बसलेल्या अवस्थेत पडून होती. आई म्हणाली भंगारात दे. मीही तेच म्हटलं. तू ऐकलं नाहीस. इंजिन उतरवलंस, बोअर करून घेतलंस, पिस्टन बदललेस, कार्ब्युरेटर तीनदा उघडलास. ज्या दिवशी ते इंजिन पहिल्यांदा पेटलं, त्या दिवशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, आवाज ऐकला आणि परत आत जाऊन दार लावून बसली. ते तुला दिसलं नाही. मी सांगितलंही नाही.

इंजिन जिवंत झालं, पण गाडीचं मागचं धड जुनंच होतं. तू ॲक्सिलरेटर दाबलास की मागची चाकं रस्त्यावर आपटायला लागायची. धाड, धाड, धाड, जणू कुणी खालून घणाचे घाव घालतंय. मागचा भाग एका बाजूला फेकला जायचा. एकदा क्रुसासमोरच्या वळणावर ती आडवी झाली आणि भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली. तू खाली उतरून टायरला लाथा घातल्यास. वहिनी म्हणाली, ही गाडी तुम्हाला मारणार.

तेव्हा तू माझ्याकडे आलास. मी वसई पूर्वेच्या कारखान्यात वेल्डिंगची तपासणी करते, म्हणून. मागचा अ‍ॅक्सल चेसिसला चार दांड्यांनी धरलेला असतो, दोन खाली, दोन वर. तेच कंट्रोल आर्म. कंपनीने ते पातळ पत्रा दाबून बनवलेले, एका बाजूने उघडे, टोकांना धक्का झेलणारे रबरी बुश. पन्नासेक वर्षांत ते रबर बिस्किटासारखं भुगा झालं होतं. इंजिन जोर लावतं तेव्हा अ‍ॅक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो, आर्म पिळवटतात, मग सुटून परत येतात. चाक उचलतं, आपटतं, पुन्हा उचलतं. मी तुला कागदावर काढून दाखवलं. तू म्हणालास, म्हणजे जोर आहे, पण धरून ठेवणारं कुणी नाही. मी म्हटलं, हो, तसंच.

पावसाळ्याआधीचे ते रविवार मला आयुष्यभर पुरणार आहेत. आपण दोघं इतका वेळ कधी एकत्र राहिलोच नव्हतो. सकाळची चर्चमधली मिस्सा झाली की मी जुना ड्रेस चढवून शेडमध्ये यायचे. आई चहा आणून बाहेरच्या दगडावर ठेवायची, आत यायची नाही. शेडच्या आत ती कधीच आली नाही.

खालचे आर्म काढायचा दिवस. मी तुला दहा वेळा बजावलं होतं की एका वेळी एकच काढायचा, आणि अ‍ॅक्सलखाली जॅक नीट बसवल्याशिवाय बोल्टला हात लावायचा नाही, कारण वर दोन स्प्रिंगा दाबून बसलेल्या आहेत. डावीकडचा निघाला, आणि तो परत अडकवायच्या आधीच तू उजवीकडे वळलास. उजवीकडचा बोल्ट गंजून जाम झाला होता. तू पाना लावलास, पाइप घातलास, लटकलास, शिव्या दिल्यास. तो हलेना. मग तुझं डोकं फिरलं. तू घण उचललास आणि घालायला लागलास. मी थांब म्हणत होते. बोल्ट तुटला, जॅक सरकला, अ‍ॅक्सल फिरला आणि स्प्रिंग सुटली. माझ्या कानाजवळून गेली ती. शेडच्या मागच्या पत्र्याला भोक पाडून वाडीत जाऊन पडली. माझ्या कानाची पाळी फाटली होती, रक्त मानेवरून ड्रेसमध्ये उतरत होतं, आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

तू घण टाकून माझ्याकडे धावलास आणि मी तुला मारलं. मुठींनी मारलं, छातीवर, तोंडावर, जिथे बसेल तिथे. लहानपणापासूनचं सगळं त्या मुठींत आलं होतं आणि त्यातलं निम्मं तुझ्या वाट्याचं नव्हतंच. तुझा ओठ फुटला. तू दोन्ही हात पाठीमागे धरलेस आणि उभा राहिलास. एकदाही हात पुढे आणला नाहीस, अडवायलासुद्धा नाही. मी दमले तेव्हा तू म्हणालास,

"झालं? चल, टाके घालून येऊ."

डॉक्टरने दोघांकडे पाहिलं आणि विचारलं की हे कसं झालं. मी म्हटलं, विहिरीच्या पायरीवरून घसरलो. तुला इतकं हसू आलं की फुटलेल्या ओठातून पुन्हा रक्त आलं. डॉक्टरला वाटलं आपण दारू प्यायलोय.

नवे आर्म आपण जाड नळीचे केले. मी कारखान्यातून जोड नसलेली नळी आणली, जुन्या आर्मची लांबी भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत मोजली, एका प्लेटवर साचा बांधला. तू धरलंस, मी वेल्डिंग केलं. बुश पॉलियुरेथेनचे करून घेतले, रबरापेक्षा कितीतरी कडक. पहिला आर्म थंड झाल्यावर तू जुना आर्म व्हाइसमध्ये पकडलास आणि पाइप लावून पिळलास. चिंध्या पिळाव्या तसा तो पिळला गेला. मग नवा पकडलास. पिळला नाही. तू घण घेतलास आणि त्याच्यावर घातलास, सगळ्या ताकदीने, पुन्हा, पुन्हा. मी बाजूला उभी राहून बघत होते. तुझ्या हाताला झिणझिण्या आल्या, घणाचा दांडा तडकला, आर्मवर फक्त चकचकीत ओरखडे. तू खाली बसलास आणि धापा टाकत हसलास. तुला असं हसताना मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

समुद्राकडच्या सरळ रस्त्यावर आपण गाडी काढली. मी शेजारी. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि पाय दाबलास. माझं डोकं सीटवर आपटलं. मी दातओठ घट्ट मिटून त्या धडधडीची वाट बघत होते. ती आली नाही. मागचं धड रस्त्याला चिकटलं आणि गाडी नुसती पुढे गेली, सुरूच्या झाडांच्या सावल्या काचेवर एकमेकींत मिसळायला लागल्या. रस्ता संपला तिथे तू ब्रेक लावलास.

"बाय, सरळ गेली," तू म्हणालास.

तेवढंच. पण तुझे डोळे भरले होते आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण आपल्या घरात असल्या वेळी कुठे बघायचं ते कुणी शिकवलेलं नाही.

आणि त्याच दुपारी आपण भांडलो. वरचे दोन आर्म अजून जुने होते. तुला तेही तसेच हवे होते, जाड नळी, कडक बुश, सगळं घट्ट. मी नाही म्हटलं. सगळंच कडक केलं तर बसणारा धक्का नाहीसा होत नाही, तो पुढे चेसिसमध्ये जातो, जिथे आर्म बसतो तो माउंट फाटतो. आधी माउंटला आतून जाड प्लेट घालायची, आणि वरचे बुश रबराचेच ठेवायचे, थोडं हलायला जागा पाहिजे. तू म्हणालास, तुझं सगळं असंच, अर्धवट, भित्रं. मी म्हटलं, गाडी फाटेल. तू म्हणालास, फाटू दे, माझी गाडी आहे, माझ्या मनाला येईल ते करीन. आणि मी म्हटलं,

"अगदी पप्पांसारखा बोलतोस."

तू हातातला पाना बेंचवर ठेवलास. फेकला नाहीस, ठेवलास. शेडबाहेर गेलास. त्यानंतर आपण बोललो नाही. आठवडाभर तरी मी शेडकडे फिरकले नाही आणि तूही फोन केला नाहीस. ते वाक्य मी आजही मागे घेत नाही. तू त्या क्षणी तसाच बोलत होतास. पण ते आपलं शेवटचं बोलणं ठरावं असं काही ते वाक्य नव्हतं.

त्या दिवशी तू कामणच्या बाजूला कशाला गेला होतास, ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. वहिनीला तू एवढंच सांगितलंस की जेवायला येतो. चिंचोटीच्या फाट्यापुढे धबधब्याला आलेल्या लोकांची गर्दी होती. विटांच्या टेम्पोची एका मोटारसायकलला धडक बसली. मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला. त्याच्याबरोबर आलेल्यांनी टेम्पोच्या ड्रायव्हरला खाली ओढलं आणि मारायला घेतलं. तू गाडी थांबवलीस. इतपत पोलिसांनी सांगितलं. पुढचं त्यांनी सांगितलं ते असं, की मारामारीत तुझ्या डोक्याला मार बसला. जणू तूही मारत होतास. गावातही बरेच जण तेच समजले. नेल्सन म्हटल्यावर दुसरं काय समजणार.

हॉस्पिटलात तुला शुद्ध आलीच नाही. डोक्याला बांधलेल्या पट्टीतून तुझा एक कान तेवढा दिसत होता. मी त्या कानात बोलायला गेले आणि मला काही सुचलं नाही. आई तुझ्या पायाशी बसून जपमाळ ओढत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

गाडी आल्यावर मी डिकी उघडली. पोत्यात गुंडाळलेल्या चार प्लेट्स होत्या. जाड पोलाद, गॅसने कापून कडा घासलेल्या, भोकं पाडलेली. मी कागदावर काढून दिल्या होत्या तशा. अगदी तशा, माझ्या मापाने. आणि एका पिशवीत वरच्या आर्मसाठी रबरी बुश. तू त्या प्लेट्स आणायला गेला होतास. मला न सांगता, माझं ऐकून. मी डिकीच्या कडेवर बसले आणि तुला इतक्या शिव्या घातल्या की शेजारची म्हातारी कुंपणापाशी येऊन उभी राहिली. फोन करायचा होतास, दादा. दोन शब्द बोलायचे होतेस. मी म्हटलं असतं, थांब, मी पण येते.

तुझ्या महिन्याच्या मिस्सेला चर्चच्या फाटकाशी एक अनोळखी माणूस बायकोला घेऊन उभा होता. हात गळ्यात अडकवलेला, एक डोळा अजून सुजलेला. वाडा तालुक्यातला, गणपत त्याचं नाव. तोच टेम्पोवाला. आत यावं की नाही ते त्याला कळत नव्हतं. मी त्याला घरी आणलं, आईसमोर बसवलं आणि काय झालं ते सगळं सांगायला लावलं. वहिनी म्हणाली आईला नको. आई म्हणाली, सांगू दे.

तो म्हणाला की ते सहासात जण होते. त्याला जमिनीवर पाडून तुडवत होते. लाल गाडी थांबली, तू जॅकचा दांडा घेऊन उतरलास आणि त्याच्या अंगावर उभा राहिलास. पोलिस येईपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही म्हणालास. कुणीतरी ओरडलं की हा मारायला आलाय, आणि सगळे तुझ्याभोवती फिरायला लागले. तुझा दांडा वर होता. गणपत खालून बघत होता. त्याला वाटलं, आता हा एकाचं तरी डोकं फोडणार.

"पन त्यांनी दांडा खाली ठेवला, ताई. हात असे उघडे दाखवले. मी बघितला. दोघंतिघं मागं सरलीपन. मंग त्यातल्या एकानी तोच दांडा उचलला."

आईने विचारलं, त्याला लगेच लागलं का. गणपत रडायला लागला. म्हणाला, तुमचा मुलगा पडला तो माझ्या अंगावर पडला, त्यामुळे पुढचे फटके मला बसले नाहीत. मग म्हणाला, "कोन कुनासाठी उतरतंय, आई?"

तो गेल्यावर मी शेडमध्ये गेले आणि हाताला लागेल ते फेकलं. पाने, डबे, ग्राइंडर. का ठेवलास तो दांडा? तुझ्या हातात होता. ज्या हातांनी तू रेफ्रीचे दात पाडलेस, टँकरवाल्याचा जबडा मोडलास, पप्पांचं मनगट मोडलंस, त्या हातांत आयुष्यात एकदाच योग्य कारणासाठी लोखंड आलं होतं आणि ते तू जमिनीवर ठेवलंस. एक घाव घातला असतास तर ते पळाले असते. असली माणसं पळतात. तू आज इथे असतास, कोर्टाच्या चकरा मारत असतास, मी तुझ्यासाठी वकील शोधत असते. मला तो भाऊ चालला असता. तुरुंगातला भाऊ मला चालला असता.

आणि तरी, दादा, मला तुझे ते उघडे हात दिसतात. मी नव्हते तिथे, तरी दिसतात. माझ्या मुठी खात शेडमध्ये उभा राहिलास तेव्हा पाठीमागे धरलेले होते, या वेळी समोर होते. तुला केवढा जोर लागला असेल ते लोकांना कळणार नाही. गावात मी आता एकेकाला गाठून सांगते, माझा भाऊ मारामारीत गेला नाही. तो मारत नव्हता. ज्याला ऐकायचं नसतं त्यालाही रस्त्यात अडवून सांगते.

मागच्या रविवारी मी प्लेट्स बसवल्या. एकटीने. माउंट घासून चकचकीत केले, चारही प्लेट्स वेल्ड केल्या, वरचे आर्म जाड नळीचे बनवले, त्यांत तू आणलेले रबरी बुश दाबले. वहिनी बाहेरच्या दगडावर बसून होती. तिने विचारलं, आता ही कोण चालवणार? रोशनी म्हणाली, मला शिकव.

आज वसईच्या कोर्टात तुला मारल्याबद्दल पकडलेल्यांना हजर करणार होते. वहिनी आली नाही. मी गेले. दांडा उचलणारा कोणता ते गणपतने ओळखपरेडमध्ये दाखवलं होतं. मी त्याची वाट बघत व्हरांड्यात उभी होते. मला वाटलं होतं एखादा आडदांड असेल. माझ्या वयाचा, चष्मा लावलेला, केस विंचरलेला माणूस होता. हातकडी घालून त्याला माझ्यासमोरून नेत होते आणि तो शिपायाला विचारत होता की आत पंखा आहे का. पंखा.

मी मारलं त्याला. उघड्या पंजाने नाही, मुठीने. चष्मा उडाला. दुसरी मारली ती नाकावर बसली. तिसरीच्या आधी महिला कॉन्स्टेबलने मला कमरेला धरून मागे ओढलं. तो हातकडीत होता, त्याला हात वर करता आले नाहीत, आणि त्याने कोपर उचलून चेहरा लपवायचा प्रयत्न केला. ते मी पाहिलं, दादा. पाहूनही माझा हात पुन्हा उठला होता. इन्स्पेक्टर म्हणाले की ताई, या वेळी सोडतो, पुन्हा केलंत तर गुन्हा नोंदवावा लागेल. आपला वकील चिडला, म्हणाला आपलीच बाजू कमजोर करताय. बाहेर येऊन रिक्षात बसले तेव्हा बोटं सुजून आली होती.

घरी आईने हात पाहिला. विचारलं, कुणाला मारलंस. मी सांगितलं. तिने पातेल्यात पाणी घेतलं, मीठ टाकलं, माझा हात त्यात बुडवला आणि आपल्या दोन्ही हातांनी खाली धरून ठेवला. चुरचुरत होतं. मी ओढायला गेले तर तिने सोडला नाही. मग म्हणाली,

"सुनिता, मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हेच धुतेय. आता पुरे कर."

मी अजून हो म्हटलेलं नाही, दादा. तिने अजून हात सोडलेला नाही.